भिंतीची हरवलेली जाडी

जुन्या वाड्यात पुस्तकांसाठी वेगळं कपाट आणावं लागत नसे. भिंतच दीड-दोन हात जाड. बांधतानाच तिच्या पोटात कोनाडे, देवळ्या आणि दारं लावलेली फडताळं ठेवलेली असत. पोथ्या रुमालात बांधून तिथे आडव्या रचायच्या, फडताळाचं दार लोटायचं, की भिंत पुन्हा सपाट. आजच्या घरात बाहेरची भिंत नऊ इंचांची असते आणि आतली साडेचार इंचांची. तिच्यात फडताळ काय, साधा खोल कोनाडाही निघत नाही. त्यामुळे पुस्तकं भिंतीच्या बाहेर आली. आधी लोखंडी घोड्यांवर, मग कपाटाच्या डोक्यावर आणि पलंगाखालच्या ट्रंकेत, आणि आता खोक्यातून सपाट घडी होऊन येणाऱ्या, घरी स्क्रू पिळून जोडायच्या रॅकवर.

ही पुस्तिका त्या शेवटच्या रॅकसाठी आहे. ते स्वस्त असतं, दोन-तीन तासांत उभं राहतं आणि उभं राहिल्यावर घरात उपऱ्यासारखं दिसतं. त्याचा दोष आपण त्याच्या किमतीला देतो. माझं म्हणणं वेगळं आहे. ते उपरं दिसतं, कारण ते भिंतीत नसतं, भिंतीसमोर असतं. बाजूला चार बोटं फट, वर छतापर्यंत हातभर धुळीची जागा, खाली फरशीवर डुगडुगणारे कोपरे. या फटी बुजवल्या आणि पुढच्या कडा जाड केल्या, की तेच रॅक घराबरोबर बांधल्यासारखं दिसू लागतं. पातळ भिंतीपुढे आपण पुन्हा एक जाड भिंत उभी करतो आणि तिच्या जाडीत पुस्तकं ठेवतो, एवढंच हे काम आहे. पुढच्या प्रकरणांतली प्रत्येक कृती याच एका विचारातून निघाली आहे.

हे झाशीत बसून का लिहायचं, तर त्याला कारण आहे. झाशी हे मराठी माणसासाठी राणीचं गाव आहे, पण एके काळी ते ग्रंथांचंही गाव होतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळेल या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडून झाशीला पोहोचले. शहराला वेढा पडला तेव्हा ते आतच होते. पुढे म्हातारपणी त्यांनी जे लिहून ठेवलं ते चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने छापलं. मूळ हस्तलिखितावरून केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये दिली. त्यात लढाईच्या जोडीने झाशीच्या ग्रंथसंग्रहाचंही वर्णन येतं. झाशीवर राज्य करणाऱ्या नेवाळकर घराण्याने जमवलेला, जपलेला, नकला करवून वाढवलेला हा संग्रह होता. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने शहर घेतलं आणि लुटलं, त्यात तोही उद्ध्वस्त झाला. गोडसे भटजी भिक्षुक होते. जीव वाचवत पळतानाही पोथ्यांची ती नासधूस त्यांच्या मनातून गेली नाही आणि पंचवीसेक वर्षांनी लिहिताना त्यांनी ती नोंदवली. झाशीबद्दल वाचलेल्या गोष्टींत मला हीच सर्वांत जास्त लागते.

नेवाळकर मूळचे रत्नागिरीकडचे. त्यांच्या मागोमाग कोकणातून आणि देशावरून आलेली मराठी कुटुंबं झाशी, ग्वाल्हेर, सागर या पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर लक्ष्मीबाई किल्ल्यातून उतरून शहरातल्या ज्या वाड्यात राहायला आल्या, तो राणीमहाल आज संग्रहालय आहे. चौकाभोवतीच्या त्याच्या दोन मजली दालनांत फिरावं, कमानींच्या आतल्या बाजूला हात लावून पाहावा. भिंतीची जाडी म्हणजे काय आणि ती खोलीला कशी शांत करते, हे तिथे पुस्तकाविना समजतं. कमान रंगवलेली असते म्हणून ती सुंदर आहेच, पण तिला भारदस्तपणा येतो तो तिच्या खोलीमुळे, तिच्या आतल्या सावलीमुळे. आपल्या रॅकला नेमकी हीच गोष्ट कमी पडते.

पुस्तकांची जागा घर बांधतानाच ठरवणारे लोक नंतरही झाले. डॉ. आंबेडकरांनी दादरच्या हिंदू कॉलनीत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘राजगृह’ बांधलं, तेव्हा राहण्याइतकाच विचार ग्रंथांचा केला होता. आपल्यापैकी बहुतेकांना घर तयार मिळतं, पुष्कळांना भाड्याने. पुस्तकं मात्र वाढत असतात. तेव्हा तयार घरात, तयार रॅक घेऊन, नंतर ती जागा घडवायची हाच मार्ग उरतो.

सपाट घडीच्या फर्निचरचा इतिहास थोडक्यात सांगतो. स्वीडनच्या आयकिया कंपनीत गिलिस लुंडग्रेन नावाचा माणूस होता. १९५०च्या दशकात एक टेबल गाडीत मावेना म्हणून त्याने त्याचे पाय काढले, आणि सुटे भाग खोक्यात घालून विकण्याची रीत कंपनीने उचलली. त्याच लुंडग्रेनने १९७९ मध्ये ‘बिली’ हे पुस्तकांचं रॅक आखलं. ८० सेंटीमीटर रुंद, २०२ उंच आणि २८ खोल, ही त्याची आजची नेहमीची मापं. जगभर लोक याच रॅकला पट्ट्या, मोल्डिंग, दारं लावून भिंतीत बसवू लागले. भारतात ही कंपनी २०१८ मध्ये हैदराबादला आणि २०२०च्या अखेरीस नवी मुंबईत आली, पण तशा मापांची, त्याच घडणीची रॅकं त्याआधीपासून अनेक देशी कंपन्या विकत होत्या आणि झाशीसारख्या शहरात ती आता घरपोच येतात. रॅक कुणाचंही असो, पुढची सगळी कृती सारखीच.

खोक्यात काय येतं ते नीट ओळखलं पाहिजे. बहुतेक रॅकं पार्टिकल बोर्डची असतात, म्हणजे लाकडाचा भुसा-कपचा डिंकात दाबून केलेली फळी आणि तिच्यावर चिकटवलेला रंगीत थर. काही एमडीएफची असतात. तो बोर्ड जास्त गुळगुळीत, जास्त जड. सुतार या दोन्हींना नाकं मुरडतात. पाण्यापुढे दोन्ही दुबळे आहेत, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण कोरड्या खोलीत, भिंतीला घट्ट धरून, पुस्तकांचं वजन बेतानं दिलेलं पार्टिकल बोर्ड वर्षानुवर्षं टिकतं. फळ्या कारखान्यात काटकोनात कापलेल्या असतात. ही अचूकता घरी हातकरवतीने मिळवणं अवघड. म्हणून माझा हिशेब असा: पेटी कारखान्याची घ्यावी, आणि सुताराची मेहनत, चांगलं लाकूड, चांगला रंग हे सगळं समोरून दिसणाऱ्या चार बोटांच्या पट्टीवर खर्च करावं. डोळा तिथेच पाहतो.

सुरुवात खालून. आपल्याकडे फरशी धुवायची म्हणून तिला दाराकडे किंवा मोरीकडे उतार दिलेला असतो. रॅक थेट तिच्यावर ठेवलं की ते कलतं आणि शेजारचं रॅक दुसरीकडे कलतं. म्हणून आधी आठ-दहा सेंटीमीटर उंचीची एकच लांब बैठक करायची, सगळ्या रॅकांखालून जाणारी, पाचरी मारून पाणपातळीत आणलेली. ही बैठक पार्टिकल बोर्डची करू नये. रोजच्या पोछ्याचं पाणी तिला लागणारच. ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्यावं, आणि समोरून शक्य तर फरशीलगतच्या स्कर्टिंगच्याच दगडाची पट्टी लावावी. बुंदेलखंडात ग्रॅनाइट घरचाच दगड, त्याचा तुकडा मिळायला अडचण नाही. खोलीचं स्कर्टिंग रॅकखालूनही तसंच सलग पुढे गेलं की अर्धं काम तिथेच झालं, कारण फर्निचर फरशीवर ठेवलेलं असतं आणि भिंतीला स्कर्टिंग असतं, हे पाहणाऱ्याला न सांगता माहीत असतं.

मग पेट्या बैठकीवर शेजारी शेजारी उभ्या करायच्या. मागचा पातळ हार्डबोर्ड ठोकण्याआधी दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे भरले तरच पेटी गुण्यात आहे. पेट्या एकमेकींना आतून स्क्रूने आवळा आणि वरून एल-पट्टीने भिंतीला धरा. लहान मुलं फळ्यांवर चढतात, तेव्हा ही एल-पट्टी लावायची की नाही हा प्रश्नच नाही. जुन्या घरात चुन्याचा गिलावा भुसभुशीत असतो. गट्टी गिलाव्यात न बसता पुढे विटेत किंवा दगडात गेली पाहिजे, म्हणजे स्क्रू तेवढा लांब हवा.

आता फट. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळं कसब इथे आहे आणि ते शिकायला सोपं आहे. कोणतीही भिंत सरळ नसते. ओळंबा सोडून पाहा: दगडी घरात वरून खालपर्यंत बोटभर फरक सहज निघतो, नव्या फ्लॅटमध्येही पेन्सिलीच्या जाडीइतका. त्यामुळे सरळ कापलेली पट्टी भिंतीला लावली तर मधे फट राहतेच, आणि ती पांढऱ्या पुट्टीने भरली तर पहिल्याच उन्हाळ्यात तिथे तडा जातो. त्याऐवजी पट्टी थोडी रुंद घ्यावी. ती ओळंब्यात उभी करून भिंतीला टेकवावी, खाली-वर तात्पुरती पकडावी. सगळ्यात मोठी फट असेल तेवढ्या जाडीचा लाकडाचा लहान ठोकळा घ्यावा, त्याला पेन्सिल लावून धरावी, आणि ठोकळा भिंतीला घासत वरून खाली आणावा. भिंतीचा प्रत्येक चढ-उतार, गिलाव्याचा प्रत्येक फुगवटा पट्टीवर रेषेच्या रूपाने उमटतो. त्या रेषेपर्यंत रंधा मारायचा, आणि मारताना पट्टीची मागची कड पुढच्यापेक्षा थोडी जास्त उतरवायची, म्हणजे पुढची पातळ धार भिंतीला चिकटून बसते. पट्टी जागेवर लावली की भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये केसभर जागा उरते. तेवढी ॲक्रिलिक सीलंटने भरावी. ते रबरासारखं ताणलं जातं, तडकत नाही. मिस्त्रीकडून हे काम करून घेताना एक पट्टी स्वतःच्या हाताने उतरवून पाहावी. एकदा ते जमलं की घरातल्या इतर वेड्यावाकड्या कोपऱ्यांचीही भीती जाते.

छताकडेही हीच रीत. रॅकच्या डोक्यावर जागा उरली तर तिथे प्लायची आडवी पेटी बसवून छतापर्यंत न्यावं आणि कडेला साधं मोल्डिंग लावावं. छत फार उंच असेल, जुन्या झाशीत असतंच, तर छत गाठायचा हट्ट करू नये. दाराच्या चौकटीच्या वरच्या रेषेत रॅक संपवावं. खोलीत आधीपासून असलेल्या एखाद्या रेषेशी ते जुळलं, की ते आपोआप ‘मुद्दाम इथे केलेलं’ दिसतं.

कडांचं गणित जरा निराळं आहे, कारण तिथे दिसणं आणि टिकणं एकाच पट्टीने साधतं. डेमी आकाराच्या पुस्तकांनी भरलेली ८० सेंटीमीटरची फळी साधारण पंधरा ते वीस किलो वजन पेलते. या वजनाने फळीला झोळ पडतो, आणि पार्टिकल बोर्डमध्ये तो वर्षागणिक वाढतो. फळी पूर्ण भरलेली असेल तर झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे लांबी ८० वरून ६० केली तर तो तिसऱ्या हिश्श्यावर येतो, आणि निम्मी केली तर सोळाव्या हिश्श्यावर. म्हणून जड ग्रंथांसाठी ४० सेंटीमीटरची अरुंद पेटी घ्या. रुंद फळी असेल तर तिच्या पुढच्या कडेला सागाची किंवा पाइनची ३५-४० मिलिमीटर उंचीची पट्टी फेव्हिकॉल लावून शिकंज्यात आवळून बसवा. पट्टी फळीच्या खाली उतरते, फळी ताठ होते, समोरून ती जाडजूड लाकडाची दिसते आणि कापलेली भुश्याची कड झाकली जाते. दोन पेट्यांच्या बाजू शेजारी आल्या की दोन पातळ कडा आणि मधे काळी रेघ दिसते. तिथे वरून खालपर्यंत एकच उभी पट्टी मारावी. त्या रेघेमुळेच रॅक दुकानातलं वाटत होतं.

आणि भोकं. फळ्या वर-खाली करता याव्यात म्हणून पेटीच्या आतल्या बाजूंना ३२ मिलिमीटरच्या अंतराने ५ मिलिमीटरच्या भोकांच्या रांगा असतात. फळ्यांची उंची एकदा पुस्तकांवरून ठरवा. डेमीसाठी फळ्यांमध्ये २५ सेंटीमीटर पुरतात, दिवाळी अंकांसाठी २८. मग हवी तेवढी भोकं ठेवून बाकी सगळी पुट्टीने बुजवा. फार कंटाळवाणं काम आहे आणि ते टाळावंसं वाटतं. टाळू नका. रंग कितीही चांगला दिलात तरी ती टिंबांची रांग रॅकची जात सांगत राहते.

पोथी आडवी ठेवायची असे, पुस्तक उभं राहतं. त्यामुळे जुन्या फडताळाला लागणारी खोली आता लागत नाही. डेमी पुस्तक १४ सेंटीमीटर रुंद, आणि रॅकची खोली २८. मग आपण एकामागे एक दोन रांगा लावतो आणि मागची रांग कायमची विसरतो. माझ्या मते घरात न वाचलेली पुस्तकं साठण्याचं हे एक मोठं कारण आहे. दिसलं नाही ते वाचलं जात नाही. दोन रांगा ठेवायच्याच असतील तर मागच्या रांगेखाली दहा-बारा सेंटीमीटर उंचीची लाकडी पायरी ठेवा, म्हणजे मागच्या पुस्तकांची नावं पुढच्यांच्या डोक्यावरून वाचता येतील. त्या फळीला मात्र उंची तेवढी जास्त द्यावी लागेल.

रंगाचं प्रकरण पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे दोनच गोष्टी. कारखान्याचा गुळगुळीत थर साधा प्रायमर धरत नाही, नखाने पापुद्रा निघतो. साबणाने तेलकटपणा काढून १८० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडावी आणि अशा पृष्ठभागावर पकड घेणाराच प्रायमर मारावा. दुसरं, एनॅमल हाताला सुकला तरी आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेतो. त्याआधी पुस्तकं लावली तर मुखपृष्ठं फळीला चिकटतात. रंग भिंतीचाच घेतला तर रॅक भिंतीत विरून जातं आणि पुस्तकं तेवढी पुढे येतात. मला हे सर्वांत आवडतं.

झाशीची हवा या सगळ्याची कसोटी पाहते. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर जातो, लू सुटते, आणि भरीव लाकडाच्या पट्ट्या आडव्या आकसतात. लगेच जुलैत पाऊस येतो आणि त्याच पट्ट्या फुगतात. ज्या घरात कूलर आहे तिथे उन्हाळाही कोरडा नसतो. कूलर खोलीत सतत ओली हवा फेकतो, आणि ती थेट ज्या रॅकवर पडते त्याच्या फळ्यांच्या कडा फुगतात, पुस्तकांना वास धरतो. म्हणून जागा ठरवताना पहिला प्रश्न हा विचारा: कूलर कोणत्या खिडकीत आहे? त्याच्या समोरची भिंत सोडा. बाथरूमची पाठभिंतही सोडा. फळीची प्रत्येक उघडी कड, स्क्रूसाठी पाडलेलं भोकसुद्धा, रंगाने किंवा वार्निशने बंद करा, कारण बोर्ड पाणी पितो तो कडेने.

वाळवीचा धोका बसवलेल्या रॅकला सुट्या रॅकपेक्षा जास्त, हे लपवण्यात अर्थ नाही. ती जमिनीतून, भिंतीच्या भेगांतून येते आणि पाठीमागे काय चाललंय ते आपल्याला दिसत नाही. आधी भिंत आणि फरशी यांच्या सांध्यात वाळवीप्रतिबंधक उपचार करून घ्या, भेगा सिमेंटने भरा, मग रॅक लावा. बैठकीची समोरची पट्टी चिकटवू नका, स्क्रूने लावा, म्हणजे वर्षातून एकदा ती काढून बॅटरीच्या उजेडात आत पाहता येईल.

स्क्रूचा आग्रह आणखी एका कारणासाठी. झाशी हे रेल्वेचं आणि छावणीचं शहर. इथल्या पुष्कळ घरांत बदलीची नोकरी आहे, क्वार्टर आहे, भाड्याची जागा आहे. अशा घरातही हे करता येतं. पट्ट्या पेटीला लागतात, भिंतीला नाही. भिंतीत जातात ते फक्त एल-पट्टीचे स्क्रू, आणि ती भोकं बुजवणं अर्ध्या तासाचं काम. बदली झाली की पेट्या सुट्या करू नयेत. पार्टिकल बोर्डमध्ये फळ्या जोडणाऱ्या कॅम-लॉकची पकड एकदाच चांगली बसते. परत उघडून जोडलं की भोकं ढिली होतात. पेटी अखंड न्यावी, भिंतीकडच्या पट्ट्या तेवढ्या नव्या घरात नव्याने उतरवाव्यात. म्हणूनच त्या सुरुवातीला रुंद घ्यायला सांगतो.

काम काढायचं ते दसरा उलटल्यावर. तोवर पावसाळ्यात भिंतींनी धरलेली ओल उतरलेली असते, लू अजून दूर असते, लाकूड ना आकसलेलं ना फुगलेलं, आणि रंगाला सुकायला कोरडी हवा मिळते. दिवाळीच्या साफसफाईत पुस्तकं खाली काढलेलीच असतात. ती परत चढवण्याआधी मोजून घ्या, डेमी किती, मोठे अंक किती, जड कोश किती. पहिल्या प्रकरणातला तक्ता त्या आकड्यांपासून सुरू होतो.